सांध्यावरचा आकडा

९ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या शेजारच्या टेबलावरची फायलींची चळत आज हलवली आणि तिथे नवी मुलगी बसवली. प्रज्ञा. परभणीकडची, एम.एस्सी., नेरूळला पीजी म्हणून राहते. पेठे सर स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढत घेऊन आले. या वाशीच्या ऑफिसात मालकाने कुणासाठी खुर्ची ओढलेली मी आजवर पाहिलेली नाही.

म्हणाले, "वंदनाताई, ही तुमचंच काम करणार. तेच उपग्रह, तोच डेटा, तोच समुद्र. फक्त स्वतंत्रपणे. क्रॉस-चेक म्हणून."

इतकी वर्षं क्रॉस-चेक लागला नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपतंय, आणि नेमका आत्ता लागला!

पोरगी "नमस्कार मॅडम" म्हणाली आणि लगेच माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

१० फेब्रु., मंगळ

आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुजी जागा घ्याला आनलीय तिला." माझ्या मनातलं माझ्याआधी आईच्या तोंडून बाहेर पडतं, हे लहानपणापासून असंच.

मग नेहमीचं. "अजून त्या चांदनीवरनं पानी मोजतेस?" उपग्रहाला ती चांदणीच म्हणते. परत एकदा सांगितलं. वरून लहर सोडायची, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, त्यावरून समुद्राची उंची. मधे हवेतली वाफ लहरीला रेंगाळायला लावते, तो उशीर वजा करायचा. भरती-ओहोटी वजा करायची. उरतो तो खरा समुद्र.

"आपली खाडी दिसते काय त्याला?"

नाही दिसत. किनाऱ्याजवळ जमिनीचे प्रतिध्वनी मिसळतात, म्हणून तेवढा पट्टा आम्ही टाकूनच देतो.

"मंग आपल्या सारसोल्या गावाला काय उपेग?"

आईशी या विषयावर बोलायचं नाही असं मी दर वर्षी ठरवते.

१२ फेब्रु., गुरु

आज सरांनी प्रज्ञाला शिकवलं. माझ्यादेखत, मोठ्या आवाजात. "उपग्रह म्हातारा झाला की नवा पाठवतात. पण जुना लगेच हलवत नाहीत. काही महिने दोघं एकाच वाटेने एकामागोमाग फिरतात, तोच समुद्र मोजतात. नवा किती कमी-जास्त दाखवतो ते कळलं, तेवढी दुरुस्ती केली, की मग जुन्याला सुट्टी." आणि माझ्याकडे बघून हसले.

पेठे सर मूळचे सिव्हिलवाले. हे सगळं त्यांना मी शिकवलं. आता तेच मला ऐकवतायत.

जुन्याची रेघ जिथे संपते आणि नव्याची सुरू होते त्याला आम्ही सांधा म्हणतो. नवा आपल्या किनाऱ्यापुरता किती मिलिमीटर कमी दाखवतो, तो आकडा मी मागेच बोर्डावर लिहून ठेवलाय. सगळ्यांना दिसावा म्हणून. नव्याच्या प्रत्येक मापात तेवढा मिळवायचा. तिथे चूक झाली की पुढचं सगळं चुकलं, हे मात्र मीच बोलले. प्र.ने मान डोलावली. मान फार डोलावते ही.

१३ फेब्रु., शुक्र

जेवायला जाताना माउस मुद्दाम डाव्या बाजूला ठेवून गेले. आले तर उजवीकडे. सफाईवाली म्हणते मी टेबल पुसलं. असेल. टेबल रोज का नाही पुसत मग?

प्र. सरांच्या केबिनमध्ये बराच वेळ होती. बाहेर आली ती खाली बघत.

१८ फेब्रु., बुध

आज दोघींच्या रेघा एकावर एक ठेवल्या. खाडीकिनारी संरक्षक भिंत होणार आहे, त्या कंपनीसाठी हा रिपोर्ट. अरबी समुद्र आपल्या किनाऱ्यासमोर किती चढतोय ते सांगायचं, त्यावरून ते भिंतीची उंची ठरवणार.

जुन्या उपग्रहाच्या भागात दोन्ही रेघा एकच. केस जाईल एवढीही फट नाही. सांधा ओलांडला आणि तिची रेघ माझ्या वर. शेवटपर्यंत वर. साहजिकच तिचा वाढीचा वेग माझ्यापेक्षा जास्त निघतो.

सर खूश. चक्क खूश. दोन माणसांची उत्तरं जुळत नाहीत आणि मालक खूश होतो, हे कुठे ऐकलंय? "तरुण डोळे," म्हणाले. भिंत उंच झाली की काम मोठं, पुढची सल्लागारीही आपल्यालाच, हे काय मला कळत नाही?

मला फार अपमान वाटला. तोंडावर दाखवला नाही.

२० फेब्रु., शुक्र

पुन्हा सगळं चालवून बघितलं. वाफेची दुरुस्ती, हवेच्या दाबाची, भरतीची. माझ्यात चूक नाही.

प्र.ला सरळ विचारलं, "सांध्याला काय केलंस?"

"काहीच नाही मॅडम. सरांनी सेटिंगची जी फाईल दिली, तीच चालवायले."

"माझी का नाही घेतलीस?"

"सर म्हणाले तुमचं बघायचं नाही. स्वतंत्र पाहिजे म्हणाले."

उत्तर तयार होतं. इतकं तयार उत्तर खऱ्या माणसाकडे नसतं. ही काहीतरी करतेय, नाहीतर तिला कुणी करायला लावतंय. पोरगी गरीब तोंडाची आहे, त्यामुळे मला जास्तच संशय येतो.

२३ फेब्रु., सोम

आज रंगेहाथ पकडलं. निदान मला तसं वाटलं. मी कॉफी घेऊन येत होते, ही बोर्डासमोर मोबाईल धरून फोटो काढत होती. मला बघून मोबाईल ओढणीखाली.

"बोर्डाचा फोटो कशाला?"

"असंच मॅडम. लक्षात राहावं म्हणून."

असंच म्हणे. माणूस असंच सूर्यास्ताचा फोटो काढतो, बोर्डाचा नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तुजा तोंड असा का झालाय? कोनी मेलाय काय?" जेवले नाही धड.

२६ फेब्रु., गुरु

सापडलं!!

सकाळपासून तिच्या रेघेतून माझी रेघ वजा करत बसले. सांध्याच्या आधी शून्य. नंतर चार मिलिमीटर. महिन्यामागून महिने चारच. कमी नाही, जास्त नाही.

आता फरक वाढत गेला असता तर मी घाबरले असते. वाढता फरक म्हणजे यंत्र बिघडलंय. पण जागचा न हलणारा फरक म्हणजे कुणीतरी कुठेतरी आकडा टाकताना शेण खाल्लंय.

मान वर केली तर समोर बोर्ड. माझं अक्षर. बाकी सगळं इंग्रजी, आणि आकडा मराठीत: ४.

चार मिळवायचे होते, तिने आठ मिळवले. माझा ४ तिला 8 वाटला! शेपट्या जरा आत वळल्या होत्या हे खरं, पण आजूबाजूला एबीसीडी असली म्हणून ४ चा आठ होतो? सगळा समुद्र चार मिलिमीटर वर उचलून ठेवला बाईंनी. साधारण वर्षभराची वाढ एका फटक्यात.

इतका आनंद झाला की लाज वाटली. थोडीच वाटली. उद्याच्या मीटिंगला सगळ्यांसमोर काढायचं. आजच्या मुलांना मराठी अंक वाचता येत नाहीत, असंही ऐकवायचं. ठरलं.

२७ फेब्रु., शुक्र

मीटिंगमध्ये बोलले नाही. का ते माहीत नाही. प्र. समोर बसली होती, नोट्स घेत होती, आणि तिच्या पेनाला टोपण नव्हतं, सेलोटेप गुंडाळलेली होती. एवढ्याशा गोष्टीने माझं अवसान गेलं.

दुपारी तिला खाली चहाच्या टपरीवर नेलं. म्हटलं, "प्रज्ञा, बोर्डावर आकडा काय आहे?"

"चार."

"मग तू आठ का टाकलास?"

ती म्हणाली, "मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पाढे मराठीतच पाठ केलेत. मला चार आठ कसा वाटंल?"

मोबाईल काढला. बोर्डाचा फोटो, आणि त्याच्या पुढे तिच्या स्क्रीनचा फोटो. सरांनी दिलेली फाईल. त्यात 8. इंग्रजी, ठसठशीत, टाईप केलेला. फाईल बनवणाऱ्याच्या जागी सरांचं नाव.

"आधी वाटलं तुम्ही नंतर बदलला असंल आन् बोर्ड पुसायचा राहिला. विचारायचं म्हणून फोटो काढला, तर तुम्ही असं बघितलं की..."

 मग तिनेच सांगितलं की सरांनी तिला माझ्या चुका लिहून ठेवायला सांगितलंय. रोजच्या रोज.

"सापडल्या?"

"दोन."

"सांगितल्यास त्यांना?"

"नाही."

कोणत्या दोन, हे विचारायचं राहिलं. घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. कोणत्या दोन?

१ मार्च, रविवार

दोन दिवस सरांच्या बाजूने विचार करतेय. घाई असेल. चष्मा बदललाय त्यांनी. बोर्डावर ट्यूबलाईटची चमक येते. माझे आकडे खरंच वाईट आहेत, शाळेत त्यासाठी छड्या खाल्ल्यात. पेठे सर मला आवडत नाहीत म्हणून ते लबाड ठरत नाहीत.

हे सगळं लिहिलं, पण पटलं नाही.

२ मार्च, सोम

लंचमध्ये बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गेले. सरांच्या गाडीवर मराठी आकडा असल्याचं आठवलं, तो बघायला. वॉचमनने विचारलं, "मॅडम, गाडी घेतली काय?" म्हटलं, बघतेय.

मागच्या काचेवर त्यांच्या वडिलांच्या नावाचा स्टिकर आणि खाली त्यांचा लकी आकडा, सोनेरी, मराठीत. ४४.

पैज लावून सांगते, हा माणूस रोज संध्याकाळी ४४ बघून गाडीत बसतो. त्याला ४ आठ वाटला?

६ मार्च, शुक्र

मधे होळीची सुट्टी आली, त्यामुळे सर थेट आज भेटले. दार लावून घेतलं आणि सांगितलं. फाईलमध्ये 8 आहे, ४ हवा.

त्यांनी बोर्डाकडे बघितलं, डोळे बारीक केले, आणि हसले. "अहो, मला तो आठच वाटला! वंदनाताई, तुमचं अक्षर म्हणजे..."

मी हसले नाही. त्यांचा चेहरा इतका मोकळा होता की क्षणभर मला वाटलं, खरंच वाटला असेल. अजूनही वाटतं. आणि क्षणभराने वाटतं, नाही. हे कधीच कळणार नाही, याचीच जास्त चीड येते.

मी म्हटलं, "ठीक आहे, चूक झाली. बदलून पाठवू."

तर म्हणाले, ड्राफ्ट भिंतवाल्या कंपनीला गेलाय. तिकडे आवडलाय. आता आकडा खाली आणला तर आपलीच अब्रू जाईल. "आणि जास्त धरलं तर कुणाचं वाईट होतंय? भिंत थोडी उंच होईल. तुमच्याच सारसोळ्याला बरं नाही का?"

याला उत्तर मला घरी येताना सुचलं, नेहमीप्रमाणे. पाणी चढतंयच. माझ्या आकड्यानेही चढतंय, आणि तो आकडा काही लहान नाही. मग खोटा कशाला? उद्या कुणी हा आठ पकडला की चारही खोटा म्हणतील. सगळी रेघच खोटी म्हणतील. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्ताच म्हणतात, समुद्र वाढतो हे सगळं धंद्यासाठी काढलेलं आहे. त्यांना मी इतकी वर्षं तावातावाने उत्तरं दिली. आता काय देऊ?

बाहेर पडताना सर मागून म्हणाले, "पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट बघूच. आधी हा रिपोर्ट सह्या होऊन जाऊ दे." आवाज अगदी प्रेमळ.

८ मार्च, रविवार

आईच्या हट्टाने प्र.ला जेवायला बोलावलं. जवळ्याची चटणी, भाकरी, कोलंबीचं कालवण. पोरीने जवळा पहिल्यांदा खाल्ला, नाकातून पाणी आलं, तरी परत घेतला. आई तिच्यावर फिदा. "हिला कशाला घाबरतेस गो तू? ही तर आपल्या आरतीवानी हाय." आरती म्हणजे माझी भाची.

जेवण झाल्यावर आईने तिचं आडनाव विचारलं. प्र.ने सांगितलं, आणि सांगताना एक क्षण थांबून आमच्या तोंडाकडे बघितलं. मला ते थांबणं ओळखीचं आहे. कॉलेजात मी माझं आडनाव सांगायचे तेव्हा समोरचा "म्हणजे मच्छी...?" म्हणेल का, ते असंच बघायचे. आईने "बरा बरा, पान खातेस?" म्हणून विषय संपवला. बरं वाटलं.

खाडीच्या बाजूला चालत गेलो. प्र.ने विचारलं, "सह्या कुणाच्या लागतात मॅडम?"

आकडा काढणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची एक. आजवर काढणारी मी आणि तपासणारे सर. मी नाही केली तर सर काढणारी म्हणून तिचं नाव घालतील. रेघ तिचीच आहे. एवढं मी सांगितलं. पुढे काय करायचं ते सांगितलं नाही. तिचं प्रोबेशन चालू आहे. तिच्या घरात ऑफिसात खुर्चीवर बसणारी ती पहिली. वडील गावात सगळ्यांना सांगतात, माझी मुलगी उपग्रहावर आहे. खरंच, उपग्रहावर आहे असंच सांगतात. आम्ही दोघी खूप हसलो त्यावर.

मी तिला "करू नको" कसं म्हणू? माझं काय, आणखी काही वर्षांत मी घरीच बसणार आहे.

१० मार्च, मंगळ

सही करणार नाही असं सरांना लेखी कळवलं. मेलमध्ये चार आणि आठ दोन्ही अक्षरात लिहिले, म्हणजे वाचायला अडचण नको.  कॉन्ट्रॅक्ट गेलंच समजायचं.

उत्तर नाही. पण दुपारी सर माझ्या टेबलाजवळून जाताना नेहमीचं "काय वंदनाताई" म्हणाले नाहीत.

१३ मार्च, शुक्र

सकाळी आले तर बोर्ड स्वच्छ पुसलेला. सफाईवाली म्हणते, सरांनी सांगितलं.

प्र. आज माझ्याशी कमी बोलली. विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "झोप नाही झाली." घरून फोन होता म्हणे. इतकंच. सरांनी तिला काल संध्याकाळी थांबवलं होतं, हे मला वॉचमनकडून कळलं, तिच्याकडून नाही.

परत सुरू झालं माझं. कप घेताना तिने नजर चुकवली का? ऑफिसच्या मेलवर ती काय टाईप करत होती? बोर्डाचा तो फोटो तिने अजून ठेवलाय का? माझ्या चुका तिने खरंच दोनच शोधल्या होत्या? मला माझा राग येतो. जिला घरी जेवायला घातलं तिच्यावर मी पुन्हा डोळा ठेवून बसलेय.

पण सरांनी तिला काय कबूल केलं असेल? मला कबूल केलं असतं तर मी काय केलं असतं, तिच्या वयात?

१६ मार्च, सोम

ऑफिसातच लिहितेय, काम नाही. मला रिपोर्टमधून काढलं. आता पहिल्या पानावर "आकडेमोड" समोर प्रज्ञाचं नाव. प्रिंट माझ्यासमोरूनच गेले. आकडा तोच. आठवाला.

प्र.ला विचारलं नाही. तीच म्हणाली, हळू, स्क्रीनकडे बघत, "मॅडम, मी नाही म्हणले तर ते दुसरं कुणी आणतील. आकडा तर जाईलच."

खरं आहे ते. मी काय म्हणणार? म्हटलं, "हो, जाईल."

"मग तुम्ही का नाही केली?"

 समुद्राबद्दल काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मला नाही करता आली."

नंतर तिला सांगून टाकलं की तू केलीस तरी मला राग येणार नाही. हे खोटं आहे. मला राग येईल. तिने नाही म्हणावं असं मला वाटतंय, फार वाटतंय. माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं याचं मला आज सकाळपासून एकदाही वाईट वाटलेलं नाही, फक्त हेच.

सरांनी आत्ता बोलावलं तिला. ती उठली, ओढणी सारखी केली, पेन घेतलं. मग पेन परत टेबलावर ठेवलं आणि तशीच गेली. सरांच्या टेबलावर पेनं असतातच.

केबिनच्या काचेतून दिसतेय. सर हसत खुर्ची दाखवतायत. ती बसलेली नाही. कागद तिच्यापुढे सरकवलाय. ती वाकली. माझ्याकडे पाठ आहे तिची, वाचतेय की लिहितेय ते इथून कळत नाही.